कोबीचं कुंपण

बेटाकडे जाणारी बोट धक्क्यावरून सुटली तेव्हा नवऱ्याने तिला पुन्हा एकदा सांगितलं, की कुंपणाचं काम झाल्यात जमा आहे. त्याच्या ताईने मनावर घेतलंय, 'बघते' म्हणाली आहे.

तिने तो शब्द खरा धरला. मांडीवर भिंगरी होती, तिला तिने दोन्ही हातांनी आवळून धरलं होतं. पोरगी तीन वर्षांची. खरं नाव कागदोपत्री. घरात, जिन्यात आणि खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या तक्रारींतसुद्धा ती भिंगरीच होती, कारण पाय जमिनीला टेकले की ती फिरायला लागायची. हाक मारली तर थांबायची नाही, रागावलं तर हसत पळायची, आणि कुठे पळतोय याचा तिचा तिलाही पत्ता नसायचा.

'बघते' या शब्दावर आईने विसंबायला कारण होतं. भाषा विषय घेऊन शिकलेली बाई, शब्दाचा काना-मात्रा तपासून घ्यायची खोड जुनी. पण खरं व्याकरण ती सासरी शिकली. या घराण्यात कुणी कुणाला 'नाही' म्हणत नसे. नाही म्हणणं म्हणजे तोंडावर दार आपटणं, आणि ही तर सगळी चांगल्या वळणाची माणसं. ती म्हणायची, 'बघू'. बाळंतपणानंतर पुन्हा नोकरीवर जाते म्हटलं, सासूबाई म्हणाल्या, बघू. ही खुळी रोज सकाळी ऑफिसचे कपडे इस्त्री करून ठेवायची. बऱ्याच दिवसांनी तिच्या लक्षात आलं, की नकार केव्हाच मिळालाय, फक्त तो आपला आपण ओळखायचा असतो, आणि नाही ओळखला तर आपणच अडाणी. आईला चार दिवस राहायला बोलावते म्हटलं, बघू. स्वयंपाकघराची खिडकी मोठी करू या म्हटलं, बघू. घोंगडं भिजत घालायचं, आणि वर त्याचा वास येतो म्हणून नाकही मुरडायचं.

पण 'बघते'ची गोष्ट वेगळी. 'बघू'मध्ये सगळे असतात, म्हणून कुणीच नसतं. 'बघते'मध्ये एक बाई पदर खोचून उभी असते.

आणि जमीन तिला हवी होती. नवऱ्यापेक्षा तिलाच जास्त हवी होती. भाड्याच्या दोन खोल्या, दुसरा मजला. भिंतीला खिळा मारायचा नाही ही मालकाची अट. दुपारी जेवणानंतर वर पावलं वाजता कामा नयेत ही खालच्या काकूंची. पावलं वाजली की काकू छताला झाडूचा दांडा ठोकायच्या. दांडा वाजला की ही पोरीला उचलून पलंगावर ठेवायची. पोरगी पलंगावरून उडी मारायची, की पुन्हा दांडा. हळू, भिंगरी. हळू, सोन्या. हळू म्हटलं ना. दिवस मावळेपर्यंत तिला वाटायला लागायचं, की आपण आई नाही, आपण नुसता एक चालताबोलता 'हळू' आहोत.

म्हणून नणंदेचा फोन आला, आमच्या खालचा तुकडा विकायला निघालाय, मालक कायमचा परदेशी चाललाय, तेव्हा नवरा अजून डोकं खाजवत होता आणि हिने मनातल्या मनात तिथे घर बांधूनही टाकलं होतं. गवताचा उतार, मोजकी झाडं, गाड्यांचा रस्ताच नाही. पोरगी पळेल, पडेल, उठेल, आणि तिच्या पावलांखाली कुणीही राहत नसेल.

मग नियम आले. बेट तसं खेडंच होतं. पलीकडच्या अंगाला शेतं आणि मासेमारांची घरं, अलीकडच्या उतारावर शहरातून आलेल्या लोकांची डझनभर घरांची वसाहत. वसाहतीचं मंडळ होतं, मंडळाचे नियम होते, आणि घेणाऱ्याने ते मंडळासमोर बसून मान्य केल्याशिवाय जमीन नावावर होत नव्हती. नियम तिने हातात पेन्सिल घेऊन वाचले. छप्पर राखाडीच हवं. असू दे, छपराकडे कोण बघतंय. कपडे घराच्या मागे वाळत घालायचे. बरं. कोंबडी चालेल, कोंबडा चालणार नाही. यावर ती हसली, नवऱ्याला म्हणाली, तुझं कठीण दिसतंय रे तिथे. मोठ्याने गाणी लावायची नाहीत, हे तर तिला वरदानच वाटलं. एकेक कलम ती तराजूत टाकत गेली आणि पारडं जमिनीकडेच झुकत गेलं. आताही दुसऱ्याचेच नियम पाळतोय की. तिथे निदान घर तरी आपलं असेल.

अकराव्या कलमापाशी पेन्सिल थांबली. कुंपण घालता येणार नाही, कारण उतारावरच्या प्रत्येक घराला समुद्र दिसला पाहिजे. अपवाद भाजीच्या वाफ्यांचा, कारण बेटावर सशांचा सुळसुळाट आहे.

आणि त्या तुकड्याच्या खालच्या अंगाला, अगदी हद्दीला लागून, तळं होतं. बेटावर गोडं पाणी पावसाचंच. ते साठवायला वसाहतीने दगडी तळं बांधलं होतं, आणि बांधताना कुणा हौशी माणसाने त्याचा काठ गवताच्या बरोबरीला ठेवला होता. वरून पाहिलं की गवतातच आकाश पसरलंय असं वाटावं म्हणून. दोन पुरुष खोल आकाश.

तिला हवी होती ती आपल्या हद्दीवर चार फुटी तारेची जाळी. भिंत नको, पत्रे नकोत. एक फाटक, आणि फाटकाला वरच्या बाजूला कडी. नणंद मंडळावर होती. नवरा मागच्या आठवड्यात एकटाच जाऊन तिला भेटून आला आणि हा 'बघते' घेऊन आला. तेवढ्यावर ती आज बोटीत बसली होती.

धक्क्यावर नणंद घ्यायला आली होती. तिने भिंगरीचा गालगुच्चा घेतला, आता आत्याच्याच अंगणात राहायचं बरं का, म्हणाली, आणि दगडी पायऱ्यांनी सगळ्यांना वर घेऊन गेली. तुकडा आला तेव्हा आईने पोरीला खाली ठेवलं. भिंगरी आधी चवड्यांवर उभी राहिली, सवयीने. मग तिने एक पाय आपटून पाहिला. कुठूनही काही वाजलं नाही. दुसरा आपटला. आणि मग जी सुटली ती सुटलीच. गवतात गडगडली, उठली, ओरडली, पुन्हा पळाली. आईला वाटलं, एवढ्यासाठी माणसाने सगळं आयुष्य राखाडी छपराखाली काढावं.

दुसऱ्या फेरीत पोरगी उताराला लागली आणि उतार तळ्याकडे जात होता. आई विचार करायच्या आधीच पळत होती. काठापासून हातभर अंतरावर फ्रॉक तिच्या मुठीत आला. खरोखरच काठ असा नव्हताच. गवत संपलं आणि पाणी सुरू झालं.

पोरगी पाण्याकडे बोट दाखवून म्हणाली, "आई, ढग पडले."

वरून नणंदेचा आवाज आला, किती घाबरतेस गं, आमची दोन्ही मुलं याच गवतात बागडली की. नणंदेने इथे घर घेतलं तेव्हा तिच्या थोरल्याला दाढी आली होती. पण पोरीला कडेवर घेऊन ती मुकाट्याने वर आली. काम 'बघते'वर होतं, आणि ज्याच्यावर काम असतं त्याला दुखवायचं नसतं, एवढं शहाणपण तिला सहा वर्षांत आलं होतं.

मंडळाची बैठक अध्यक्षबाईंच्या घरी. या बाई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. सगळं बेट त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचं. त्यांच्या घराच्या पुढ्यात कोबीचे वाफे होते, फूटपट्टीने आखल्यासारखे, आणि वाफ्यांभोवती हिरव्या तारेची जाळी. गज सरळ रोवलेले, फाटकाच्या बिजागऱ्यांना तेल दिलेलं, कडी वरच्या बाजूला. ती तिथे थबकली. पोरीला खाली उतरवून तिने जाळीपाशी उभं केलं. जाळी पोरीच्या डोक्याच्या चांगली वर होती. आतले गड्डे निवांत बसले होते, लेकुरवाळ्या घरातल्या पाहुण्यांसारखे, कुणीतरी आपली काळजी घेणारच आहे अशा खात्रीने.

"छान आलाय ना कोबी?" नवरा म्हणाला.

"नशीबवान आहे," ती म्हणाली.

आत बाई होत्या, नणंद होती, आणि मंडळाचे तिसरे सभासद, दाताचे डॉक्टर. समोरच्याने तोंड उघडं ठेवून नुसतं ऐकायचं असतं, अशी आयुष्यभराची सवय लागलेले गृहस्थ. स्वतः विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पुढे जायचे. चहा आला. बाईंनी चष्मा लावला आणि नियम पहिल्यापासून मोठ्याने वाचायला घेतले, वर्गात धडा वाचावा तसे. तिसऱ्या कलमापर्यंत भिंगरीने टीपॉयला लाथ मारली होती, चौथ्याला बिस्किटाचा चुरा गालिच्यावर पसरला होता.

"अहो, तिला बाहेर सोडा ना," बाई म्हणाल्या. "मोकळंच आहे सगळं."

"हो ना," ती म्हणाली. "तीच तर पंचाईत आहे."

कुणी हसलं नाही. नवऱ्याने तिच्याकडे पाहिलं, म्हणजे तू जा. तो जाऊ शकत होता. हे त्याला सुचलं नाही आणि तिनेही ते मागितलं नाही, हा राग तिला पुढे स्वतःवरच काढायचा होता. ती पोरीमागे बाहेर गेली.

त्यामुळे घराची ती एवढी मोठी बैठक तिला खिडकीतून, तुकड्यातुकड्यांनी ऐकू आली. पोरगी खिडकीकडे पळाली की छप्पर, रंग, उतार. पोरगी पायऱ्यांकडे पळाली की नुसता वारा. परत खिडकीशी आली तर डॉक्टर हसत होते. मग पोरगी उताराकडे सुटली, ही तिच्यामागे, वाकून, एक हात पुढे काढून, आया धावतात तशी. आणि तिला धरून, धापा टाकत खिडकीखाली आली तेव्हा नवऱ्याचा आवाज आला, आपला नेहमीचा, सगळ्यांना आवडणारा आवाज:

"नाही नाही, आमची कशालाच हरकत नाही."

ती पोरीला काखोटीला मारून आत गेली. बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. तुमच्या यजमानांनी सगळी कलमं मान्य केली आहेत, जमीन दोघांच्या नावावर होणार म्हणून तुमचाही होकार हवा, असं त्यांनी समजावून सांगितलं.

"अकराव्यासकट?"

"अकराव्यासकट."

"पण कुंपणाचं ताई बघणार होत्या."

नणंदेने कप बशीत ठेवला. तिला खरोखरच आश्चर्य वाटलं होतं, त्यात ढोंग नव्हतं. "मी? अगं, मी बघू म्हटलं होतं." आणि मग, जणू यापुढचं सांगणंही अंमळ असभ्यच, अशा आवाजात ती म्हणाली, "याला कळलंय ते. जाळी आली की माझ्या ओसरीवरून काय दिसणार? सगळा समुद्र चौकटी-चौकटींचा. मी मंडळात विरोधातच मत दिलं. एवढं मी स्पष्ट बोलायला हवं होतं का?"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तो कपात बघत होता. चहा संपलेला होता.

राग डोक्यात जातो म्हणतात. तिचा आधी हातांत गेला. कडेवरची पोरगी कुरकुरली इतके हात आवळले गेले. बघू. त्याने एका शब्दाचं शेपूट कापलं होतं आणि दुसऱ्याचं आणून चिकटवलं होतं. ज्या घरात तो 'बघू' ऐकत लहानाचा मोठा झाला, सायकलीला बघू, सहलीला बघू, त्या घरातला माणूस हा. त्याचा अर्थ याला कळला नाही असं कोण म्हणेल?

तेवढ्यात दाताच्या डॉक्टरांना युक्ती सुचली. वाफे करा की, ते म्हणाले. घराभोवती कोबी लावा. वाफा केवढा असावा हे नियमात कुठे आहे? जाळी कोबीची, पोरगी आत खेळतेय, ससे बाहेर. बाईंनी जरा विचार करून मान डोलावली. नियमात बसत होतं, आणि नियमात बसणाऱ्या गोष्टीला बाईंचा विरोध नसे. फक्त कुणी विचारलं तर जाळी भाजीसाठी आहे असंच सांगायचं, एवढीच त्यांची अट. नणंदेने तोंड वाकडं केलं. नवरा इतका सुटल्यासारखा हसला, की जणू मार्ग त्यानेच काढला होता.

"बघ," तो म्हणाला. "उगाच चिडतेस तू."

आणि ती खरोखरच विचारात पडली. हे कबूल केलंच पाहिजे. जाळी ती जाळी. तिला नाव कोबीचं दिलं काय, मुळ्याचं दिलं काय. डोळ्यांपुढे गवतात पाय आपटणारी पोरगी आली. नाक मुठीत धरून जन्मभर कोबी लावू, पोरगी पळेल तरी. 'चालेल' हा शब्द तिच्या ओठांवर आला होता. पण सतत वाईटाचा विचार करणारी म्हणून घरात तिची जी थट्टा व्हायची, तीच खोड आडवी आली.

"वाफ्यांचं कुंपण बारा महिने ठेवता येतं ना?"

"छे," बाई म्हणाल्या. "पावसाळ्यात काढायचं. भर पावसात इथे काही जगत नाही, सगळं कुजतं. रिकाम्या वाफ्याला कुंपण कशाला? आमचंसुद्धा काढतो आम्ही."

"आणि तळं कधी भरतं?"

डॉक्टरांनी रिकाम्या कपात चमचा फिरवला. बाईंना उत्तर माहीत होतं, आणि त्या खोटं बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या, म्हणून त्या बोलल्याच नाहीत.

"म्हणजे कोबी आहे तोवर माझी मुलगी वाचणार," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता, आणि नवरा त्यालाच जास्त घाबरायचा. "पाणी काठोकाठ येईल तेव्हा कुंपण घडी करून माळ्यावर ठेवायचं. मग तळ्यालाच कठडा घाला. पावसाळ्यापुरता घाला."

कठड्याने तळ्याची शोभा जाते, हा विषय पूर्वीच होऊन गेलेला होता. शिवाय एकाला सवलत दिली की उद्या दहा जण उभे राहतात. बाई हे सगळं शांतपणे सांगत गेल्या आणि शेवटी म्हणाल्या, "हे बघा, मुलांवर लक्ष ठेवणं हे आईवडिलांचं काम असतं. माझा सगळा जन्म शाळा चालवण्यात गेलाय, म्हणून सांगते."

"तुमच्या शाळेला कुंपण होतं ना, बाई?"

बाईंनी चष्मा काढून मिटला.

"शाळेची गोष्ट वेगळी," बाई म्हणाल्या.

होकार तिने दिला नाही. नवऱ्याने घाईघाईने उठून सगळ्यांना हात जोडले, आम्ही घरी बोलतो, कळवतो, वगैरे म्हणाला, आणि ते पायऱ्या उतरले. धक्क्यावर बोटीला अजून अवकाश होता. लाकडी फळ्यांवर ती पोरीला दोन पायांत धरून बसली. मग तो सुरू झाला. चारचौघांत शोभा झाली. बाईंना असं विचारतात का. ताईला काय वाटलं असेल. आणि आपण खोटं बोललोच नाही; वाटलं होतं, वेळ जाईल तसं ताईचं मन वळेल, एकदा राहायला आलो की पोरीकडे बघून तीच म्हणेल घाला जाळी. आणि जमीन हवी होती कुणाला? तुलाच ना? मी तुझ्यासाठीच...

"तू मला 'बघते' सांगितलंस."

"एका शब्दावरून किती ताणतेस."

"तुमच्याकडे एका शब्दात माझी नोकरी गेली."

तो पाण्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, बरं, आता काय करू, सांग. तिने सांगितलं. वर जा, आणि ताईंना सांग, घेत नाही. कळवतो नको, विचार करतो नको. घेत नाही. तो उठला. पाठमोरा, पायऱ्या चढत गेला, नको असलेल्या निरोपाचं ओझं घेऊन जाणाऱ्या माणसासारखा, आणि अपेक्षेपेक्षा फारच लवकर खाली आला.

"सांगितलं."

"काय सांगितलंस?"

त्याने मान वळवली. "म्हटलं, बघू."

तिला हसू फुटलं. चांगलं नव्हतं ते हसू. पोरीने वळून तिच्या तोंडाकडे पाहिलं.

"अगं, तिला कळलं बरोबर," तो घाईने म्हणाला. "आमच्याकडे बघू म्हटलं की समजतात. वेगळं सांगावं लागत नाही."

"समजतात," ती म्हणाली. "मग मला सांगताना शब्द का बदललास?"

बोलून गेल्यावर आपण काय कबूल केलंय ते त्याच्या ध्यानात आलं. त्याच्या त्या गोऱ्यामोऱ्या, सगळ्यांशी गोड राहायला शिकवलेल्या चेहऱ्याकडे बघून तिला दया येईल असं तिला वाटलं होतं. आली नाही. हा माणूस कुणालाही नाही म्हणणार नव्हता. बहिणीला नाही, बाईंना नाही, पाण्याला नाही. आणि त्याचे सगळे न म्हटलेले नकार येऊन पडणार होते ते हिच्या अंगावर, गोड नावं लेवून.

तिने भिंगरीचा हात त्याच्या हातात दिला. "धर. मनगटाला धर, बोटं सुटतात. बोट आली तरी, कुणी ओळखीचं भेटलं तरी, हात सोडायचा नाही."

"तू कुठे चाललीस?"

ती पायऱ्यांकडे वळली. पायऱ्या चढताना तिने मागे वळून पाहिलं, आणि परत पाहिलं. तो पोरीपुढे उकिडवा बसला होता, दोन्ही हातांनी तिचं एक मनगट धरून.

नणंद ओसरीवर वेताच्या खुर्चीत बसली होती. तिथून समुद्र दिसत होता, सगळाच्या सगळा, एकसंध, दुपारच्या उन्हात उलगडून ठेवलेला. सुंदर होता. कुणालाही तो राखून ठेवावासा वाटला असता, हे तिला कळलं, आणि कळलं म्हणून तिचा राग आणखीच वाढला.

"अगं, कळलं मला," नणंद म्हणाली. "तो बघू म्हणून गेला ना. तू कशाला परत चढलीस एवढं?"

"बघू नाही, ताई. नाही. आम्ही ही जमीन घेत नाही. तुम्ही पोरीच्या कुंपणाच्या विरोधात मत दिलंत, म्हणून घेत नाही."

नणंदेने डोळे मिटून घेतले, जणू कुणी तिच्यासमोर कपबशी फोडली होती. "असं तोडून बोलायची काही गरज होती का?" तिचा आवाज खरंच दुखावलेला होता. "आपलं माणूस शेजारी असतं. मी दिवसभर इथेच बसलेली असते. मी ठेवलं असतं की लक्ष तिच्यावर."

"आता ती दिसतेय का तुम्हाला?"

"कोण?"

"भिंगरी. खाली धक्क्यावर आहे."

नणंद खुर्चीत पुढे सरकली. डोळ्यांवर हात धरला, मान इकडे केली, तिकडे केली. मांडीवर चाचपून चष्मा शोधला, तो नव्हता. "दिसतंय की," ती म्हणाली. "कुणीतरी आहे तिथे."

बोटीचा भोंगा वाजला. तिने नमस्कारसुद्धा केला नाही. पायऱ्या उतरताना ती पळत होती, आणि उद्या दुपारी जेवणानंतर त्या दोन खोल्यांत पोरीला काय सांगायचं हे तिला मुळीच माहीत नव्हतं. भिंगरी भोकाड पसरून रडत होती. बाबा हात दुखतो, बाबा सोड, म्हणत होती. नवरा तिच्या मनगटाला दोन्ही हातांनी धरून तसाच बसला होता, आणि ही जवळ येताच मान वर करून म्हणाला, "सोडला नाही हं."

मनगटावर त्याच्या बोटांचे लाल वळ उठले होते. तिने पोरीला उचललं, वळांवर फुंकर घातली, आणि बोटीत जाऊन बसली.